अंधार कुणी केला

निळा दिवा हळूहळू वर चढवत तो रंगीत तालमीतल्या मासोळ्या बघत होता, आणि त्या मासोळ्यांत भिंगरी नव्हती.

आधी त्याला वाटलं, आपलीच नजर चुकली. हॉलच्या अगदी मागे, गॅलरीच्याही वर त्याची खोली होती. पुढे आडवी काच, काचेखाली दिव्यांचा बोर्ड, मागच्या भिंतीवर मुख्य खटक्याची लोखंडी पेटी. इथून रंगमंच झाकण काढलेल्या खोक्यासारखा दिसायचा आणि आतली माणसं बोटाएवढी. त्याने चष्मा पुसला, काचेला नाक लावलं. पुढे कडेला शिंपले, मधे हिरवं गवत, मागे मासोळ्या. मासोळ्यांमध्ये डाव्या टोकाला भिंगरी उभी राहणार, हे तिनेच घरी फरशीवर चपला मांडून त्याला दाखवलं होतं. 'ही मी,' म्हणून तिने स्वतःचीच लाल चप्पल टोकाला ठेवली होती. आता ती जागा रिकामी असती तर त्याला एवढं लागलं नसतं. रिकामी जागा निदान कुणाची तरी असते. इथे पोरी एकमेकींकडे सरकल्या होत्या, जागा बुजली होती, आणि नाच असा रंगात आला होता की जणू त्या टोकाला कधी कुणी उभंच नव्हतं. भिंगरी खाली होती. प्रेक्षकांच्या खुर्च्यांत, एकटी. खुर्ची तिच्या वजनाने धड उघडतही नव्हती, त्यामुळे ती त्या खुर्चीत दुमडून बसल्यासारखी दिसत होती. आणि तिचे दोन्ही हात मांडीवरच्या मांडीवर, नाचाप्रमाणे, हलत होते.

निळा अर्ध्यावरच अडकला. खालून वर्गबाईंनी काळोखात वर बघून टाळी वाजवली. "ओ दादा, निळा! निळा वाढवा की!"

त्याने वाढवला.

मधल्या सुट्टीत तो जिना उतरून गेला तेव्हा बाई पोरांना बिस्किटं वाटत होत्या. त्याला बघून त्या गोंधळल्या. "अय्या, भिंगरीचे बाबा! तुम्ही इथे कसे?"

"मी इथलाच. दिवे माझ्याकडे असतात."

"हो का? अगबाई! मी मघाशी दादा म्हणून ओरडले तुम्हाला."

"ती नाचात नाही?"

बाईंचा आवाज खाली आला. हा आवाज त्या खास त्याच्यासाठी ठेवत. आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा. "त्याचं काय झालं, सरावात तिनं एकाचा कान धरला. तो पुढचा शिंपला आहे ना, त्याचा. आम्हा दोघींना मिळून सोडवावं लागलं हो. मग मोठ्या बाई म्हणाल्या, राहू दे. तिलाच त्रास नको. एवढ्या लोकांसमोर काही झालं तर तिलाच वाईट वाटेल, नाही का?"

"मला कळवलं नाहीत."

"कळवणारच होतो," बाई म्हणाल्या आणि त्याच्याही हातावर एक बिस्किट ठेवलं.

तिलाच त्रास नको. वर जाताना जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते वाक्य त्याच्या पायात आलं. दोन वर्षं तो ही वाक्यं खात होता. शाळेतून फोन यायचा तेव्हा तो बहुतेक शिडीवर असायचा, एका हातात तापलेला दिवा, खांद्याने कानाशी दाबलेला फोन. भिंगरीनं डबा फेकला. भिंगरी बाकाखाली जाऊन बसलीय, येत नाही. भिंगरीनं चित्रकलेच्या तासाला सगळ्यांच्या पाण्यात काळा रंग ओतला. मग भेट. शाळेत पालकांना मुलांच्याच खुर्च्यांवर बसवत. गुडघे हनुवटीला लागायचे, आणि तशा अवस्थेत कुठल्याही बापाला स्वतःचं म्हणणं ठामपणे मांडता येणार नाही, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असावं. मोठ्या बाई मात्र मोठ्या खुर्चीत. शाळेच्या मुख्याध्यापिका, हसतमुख, स्वच्छ, हात कायम एकमेकांत गुंतवलेले. 'घरी काही ताण आहे का?' त्या विचारत. 'तुम्ही दोघं भांडता का तिच्यासमोर?' घरी जाऊन तो बायकोशी त्याच प्रश्नावरून भांडायचा. बायको औषधांच्या दुकानात संध्याकाळची पाळी करायची; ती दमून म्हणायची, "भांडतोयस कुणाशी? तुझीच पोर आहे ती. नाक तुझं, केस तुझे, आणि डोक्यातला जाळही तुझाच." हसत म्हणायची, पण म्हणायची.

खरं होतं ते. भिंगरी चिडण्याआधी गप्प होते. अंगठ्याचं नख तर्जनीच्या पेराला घासत राहते, खर खर खर, कान तांबडे होतात, आणि मग जे हाताला लागेल ते. ही खूण त्याने पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो दचकून स्वतःचा हात खिशात घालायला गेला होता. त्याच्याही पेरावर घट्टा होता. फरक एवढाच, की वयाप्रमाणे त्याला थांबता येऊ लागलं होतं. राग विसरायचा नाही, नुसता मुरवायचा. एकदा एका मोठ्या नटाने सगळ्यांदेखत त्याला 'ए बल्ब' म्हणून हाक मारली होती. पुढच्या प्रयोगाला त्याने त्या माणसाच्या तोंडावर जरासा हिरवट उजेड सोडला, कुणाच्या लक्षात येणार नाही एवढाच, आणि पूर्ण नाटकभर त्याला कावीळ झाल्यासारखा ठेवला. मध्यंतरात लोक नटाची तब्येत विचारायला आत गेले. ती गोष्ट आठवली की अजून त्याला पोटातून ऊब यायची.

त्या रात्री भिंगरी नेहमीसारखी फरशीवर नाचून दाखवत होती. उजवीकडे झुळूक, डावीकडे झुळूक, गिरकी, शेपूट. काही झालंच नाही असं. तो म्हणाला, "भिंगरे, तालमीला मी वर होतो." ती गिरकीतच थांबली. मग म्हणाली, "मला माहितीये. निळा तूच केलास." आणि पुन्हा पहिल्यापासून नाचायला लागली. त्याने कानाबद्दल विचारलं. तिने आधी गिरकी पुरी केली. "मी आले की तो ओरडतो, सुटली रे सुटली! मग सगळे पळतात. बाई पण हसतात." एवढं सांगून तिने विचारलं, "पोशाख घालून तर येऊ शकते ना मी? आईनं खवले शिवलेत."

खवले शिवलेत. बायकोने दुकानातून आल्यावर बसून औषधांच्या चकचकीत वेष्टनांचे तुकडे कापून निळ्या कापडावर एकेक टाचले होते. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच राहिली. खाली उतरायचं नावच घेईना. बायकोला त्याने सांगितलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, मग म्हणाली, "जाऊन बोल त्यांच्याशी. नीट बोल." तो हो म्हणाला. पण बोलायचे दिवस संपले, हे त्याला कळून चुकलं होतं. बोलायला गेलं की ती छोटी खुर्ची यायची.

त्याने मनात सगळं पक्कं केलं, आणि ते पक्कं करण्यात त्याला आठवडाभर इतकं सुख झालं की बायकोलाही त्याचा चेहरा उजळलेला दिसला. नाच संपला की मुलांना रंगमंचावरच थांबवून मोठ्या बाई भाषण करणार होत्या. कार्यक्रमाचा क्रम त्याच्यापुढे होता: मुलं मागे, बाई पुढे, त्यांच्यावर सोनेरी झोत. त्या ऐन रंगात येतील, हात एकमेकांत गुंतवतील, हसतील, आणि मग काहीच नाही. आवाज नाही, उजेड नाही. बोर्डावरून दिवे उतरवले असते तर कुणीही ओळखलं असतं की हे माणसाचं काम. म्हणून मुख्य खटका. भिंतीतल्या पेटीतला तो लोखंडी दांडा जुना, गंजकट. तो ओढायला त्यालाही अंगाचा भार टाकावा लागे. दांडा पडला की अख्खा हॉल जातो, दारांवरचे हिरवे दिवे तेवढे राहतात. जुनी तार, भार झेपला नाही, असं सांगता येतं. सगळ्या आईबापांसमोर त्या बाई तोंड उघडं ठेवून काळोखात उभ्या राहतील. बस. एवढंच. कुणी आपल्याला पुसून टाकलं तर कसं वाटतं ते त्यांना कळू दे. शिडीवर, बसमध्ये, आंघोळ करताना तो मनातल्या मनात तो दांडा ओढत होता. कधी बाई रडत, कधी माफी मागत, कधी नुसत्याच चाचपडत. चाचपडणारी बाई त्याला सगळ्यांत आवडली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी बायकोची दुकानात पाळी होती, म्हणून भिंगरी त्याच्याबरोबर वरच्या खोलीत आली. मासोळीच्या पोशाखात. स्टुलावर बसवून त्याने तिला बजावलं, "कशाला हात लावायचा नाही." ती म्हणाली, "माहितीये. गरम असतं." हॉल भरला. बायकांच्या अत्तरांचा आणि गर्दीच्या घामाचा वास वरपर्यंत येत होता. गाणं सुरू झालं आणि त्याने निळा चढवला, तेव्हा मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. तो वळला नाही. काचेतच त्याला ती दिसत होती: बाहेर लांबवर बोटाएवढ्या मासोळ्या, आणि काचेच्या आत त्यांच्यावरून तरंगत, त्यांच्याहून कितीतरी मोठी, त्याची मुलगी. उजवीकडे झुळूक, डावीकडे झुळूक. एक ठेका चुकली नाही. खाली एक मासोळी चुकली, दुसरीवर आदळली, लोक कौतुकाने हसले. चुकणाऱ्या पोरींवर लोक हसतात आणि टाळ्या देतात. न चुकणारी इथे, डबाबंद. तो दातओठ खात बोर्डावर बोटं फिरवत होता आणि त्याच्या अंगठ्याचं नख पेरावर घासत होतं, खर खर, हे त्याला कळत होतं आणि थांबवायचं नव्हतं.

मोठ्या बाई पुढे आल्या. त्याने त्यांना सोनेरी झोत दिला, अगदी मनापासून, आजवर कुणाला दिला नसेल इतका सुरेख. त्यांनी हात गुंतवले. "आमच्या शाळेत," त्या म्हणाल्या, "एकही मूल मागे राहत नाही. प्रत्येक मुलाला आम्ही—"

तो उठला, पेटी उघडली, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि लोंबकळला.

काळोख. आधी लोकांचा एक लांब 'हाऽऽ', मग कुणीतरी हसलं, मग शिट्टी. बाईंचा आवाज माइकविना कुठेतरी बारीक किरकिरत होता, 'बसून राहा, बसून राहा.' तो कानांनी पीत होता ते. सबंध आठवड्यात त्याने कल्पिलं त्याहून ते चांगलं होतं. आणि मग एकदम त्याच्या लक्षात आलं की त्या बाईंच्या मागे मुलं उभी आहेत. हे त्याला माहीत होतं. क्रम त्यानेच वाचला होता. सबंध आठवडा त्या रंगमंचावर त्याने एकट्या बाईच उभ्या केल्या होत्या. एक मूल रडलं. मग सगळी. पावलांची धावपळ, फळ्यांवर दणदण, आणि त्यातून एक वेगळाच आवाज, ओलं काही आपटल्यासारखा, आणि त्यानंतरची किंकाळी. त्याच्या पाठीला काहीतरी चिकटलं. भिंगरी. तिने दोन्ही मुठींत त्याचा शर्ट धरला होता.

"बाबा, लाव. लाव ना."

त्याने दांडा वर रेटला. पहिल्यांदा सरकला नाही. दुसऱ्यांदा खांदा लावला तेव्हा बसला. उजेडात रंगमंचाखाली एक शिंपला पडला होता आणि त्याच्याभोवती माणसं वाकली होती.

वर्गबाई जिना धावत चढून आल्या तेव्हा पेटी उघडी होती आणि पेटीखाली भिंगरी उभी होती. बाईंनी इकडेतिकडे बघितलंही नाही. त्या तिच्यासमोर खाली बसल्या, तिचे खांदे धरले आणि त्याच खालच्या आवाजात म्हणाल्या, "भिंगरी, काय केलंस हे बाळा?"

"मी नाही. बाबांनी केलं."

"असं नाही बोलायचं. बाबांवर ढकलायचं का आपण?"

भिंगरीने त्याच्याकडे बघितलं. रडत नव्हती. खरं सांगून झालं होतं, आता मोठ्यांचं काम होतं. आणि तो गप्प होता. त्या क्षणी त्याला आतून कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. नोकरी वाचली. एवढंच मनात आलं, माशी बसून उडावी तसं, पण आलं. तेवढ्यात मोठ्या बाई धापा टाकत दारात आल्या. केस विस्कटले होते, कपाळावर घाम होता, आणि तरी त्यांनी हात गुंतवले.

"लागलंय का फार?" त्याने विचारलं.

"हनुवटी फुटलीय. टाके पडतील. पायरीवरून गेला बिचारा." त्यांनी भिंगरीकडे बघून एक श्वास सोडला. "जाऊ द्या. लहान आहे. नाचात घेतलं नाही, राग आला असेल. आम्ही समजू शकतो. त्या मुलाच्या वडिलांनाही मी समजावीन. तुम्ही फक्त पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा."

त्या क्षमा करत होत्या. त्याने इतक्या प्रेमाने, इतक्या मेहनतीने उगवलेला सूड त्यांनी उचलला, पोरीच्या नावावर टाकला आणि वर तिला माफही केलं. आपण कुणाला हरवायला निघालो होतो?

"ती खरं सांगतेय," तो म्हणाला. "मी केलं."

"अहो भिंगरीचे बाबा," वर्गबाई कळवळून म्हणाल्या, "तुम्ही हेच करता. सारखं पाठीशी घालता तिला. त्यानंच ती—"

"दांडा ओढा."

"काय?"

"तो दांडा. ओढून बघा. पडणार नाही, घाबरू नका. ओढा."

त्याचा चेहरा बघून बाई उठल्या. एका हाताने ओढला. मग ओशाळं हसून दोन्ही हातांनी. दांडा हललाही नाही. त्यांनी हाताकडे बघितलं; तळव्यावर गंजाचा पट्टा उमटला होता. मग त्यांनी त्याच्या तळव्यांकडे बघितलं. मग भिंगरीच्या डोक्याकडे, जे त्या पेटीच्या खूप खाली होतं. मोठ्या बाईंचे हात सुटले आणि दोन्ही बाजूंना नुसते लोंबत राहिले. त्या हातांचं काय करायचं हे जणू त्यांना कळेना.

"का?" त्यांनी विचारलं. खरोखरच विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर त्याच्याजवळ तयार होतं. बसमध्ये, आंघोळीत घासूनपुसून लखलखीत केलेलं. छोट्या खुर्च्या, बुजवलेली जागा, तिलाच त्रास नको. पण तोंडातून आलं ते एवढंच: "तुम्ही बोलत होतात म्हणून."

शिंपल्याचा बाप वर आला तेव्हा त्याच्या शर्टावर रक्ताचे डाग होते. उंच, चांगले कपडे केलेला माणूस. कुणी खाली सांगितलं होतं कोण जाणे. त्याने काही विचारलं नाही, सरळ येऊन कॉलर धरली आणि भिंतीशी नेलं. इतक्या जवळून त्याला त्या माणसाचे डोळे दिसले, आणि ते डोळे ओळखीचे होते. ते तो रोज दाढी करताना बघत होता. मार, त्याला म्हणावंसं वाटलं. मारलंस तर फिटेल. त्या माणसाचा हात उगारलेला राहिला. मग त्याने बाजूला बघितलं, चांदीच्या खवल्यांची एक मुलगी भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत होती.

"पोर समोर आहे म्हणून सोडतोय," तो म्हणाला. "पण मी विसरणार नाही."

तो विसरणार नव्हता. मुरवणार होता.

हॉलच्या व्यवस्थापकाने किल्ल्या मागून घेतल्या आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाला. शाळेची तक्रार, पोलिसांचं काय ते मागाहून कळेल. खाली कार्यक्रम पुन्हा सुरू झाला होता. बोर्डावर दुसरं कुणीतरी बसलं होतं आणि सगळे दिवे एकदमच लावले होते. मागच्या दाराने दोघं बाहेर पडले. रस्त्यावर वर्दळ होती, दुकानं उघडी होती. बायकोला काय सांगायचं याची वाक्यं तो जुळवत होता आणि एकही धड उभं राहत नव्हतं. त्या मुलाच्या हनुवटीचा आवाज मधे मधे येत होता. राग गेला असेल असं त्याला वाटलं होतं. गेला नव्हता. आता तो सगळ्यांवर होता, पण जिथे जाऊन बसेल अशी जागाच राहिली नव्हती. बाजूने भिंगरी चालत होती, खवले चुरचुरत होते, येणारेजाणारे तिच्याकडे बघून हसत होते आणि ती कुणाकडे बघत नव्हती.

"बाबा, त्याला खूप लागलं?"

"हो."

"माझ्यामुळे?"

तो रस्त्यातच थांबला. "नाही. माझ्यामुळे. नुसतं माझ्यामुळे."

तिने ते तपासून घेतल्यासारखी मान हलवली. थोडं चालून गेल्यावर तिने विचारलं, "तुला पण आता बाहेर बसवणार?"

"कुठे बाहेर?"

"वर्गाच्या बाहेर. बाक आहे तिथे. मला बसवतात." मग ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "काही नाही होत. हाताची घडी घालून मान खाली घातली ना, की लवकर आत घेतात."

हे त्याला माहीत नव्हतं. दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, तिनेही नाही. त्याने तिचा हात धरला. छोटा, उष्ण, पेरापाशी खरखरीत.

"तू घालतेस घडी?"

"नाही," भिंगरी म्हणाली. "मी काचेतून बाईंकडे बघत बसते. शाळा सुटेपर्यंत."